धाकटीच्या तोंडी थोरलीचं नाव

सोमवार, ४ नोव्हेंबर

वास सोडला धाकटीत आणि स्पीकरने नाव घेतलं थोरलीचं!

महिन्याची चाचणी होती. बाहेरचे भोंगे बंद ठेवायचे आणि कंट्रोल रूममधल्या छोट्या स्पीकरवर ऐकायचं, एवढंच माझं काम. ठेकेदाराचा मेकॅनिक धाकटीत शिडीवर चढला, अमोनियाची बाटली सेन्सरखाली धरली. स्पीकर बोलला, "थोरली रिकामी करा." मी वॉकीटॉकीवर म्हटलं, अहो, चुकीच्या हॉलमध्ये गेलात तुम्ही. तो म्हणाला, "मॅडम, डावं-उजवं कळतं मला." मग थोरलीत जाऊन तेच केलं. स्पीकर म्हणाला, "धाकटी रिकामी करा."

आधी हसू आलं. ही नावं जुन्या मालकांची. कोल्ड स्टोरेजच्या दोन हॉलना त्यांनी आपल्या दोन सुनांच्या हाकेची नावं दिली. पुढे प्रत्येक हॉलला एकेक सर्व्हर बसला, त्यालाही तेच नाव पडलं. सुना कधीच्या वेगळ्या राहायला गेल्या, नावं इथेच राहिली. धाकटीत गारवा कमी झाला की पोरं म्हणतात, धाकटीला ताप भरला. थोरलीचं दार अडकलं की थोरली रुसली. आज दोघींनी एकमेकींचं नाव लावून घेतलं म्हणायचं.

पण हसू टिकलं नाही. हॉल गार ठेवायला वापरतात त्या अमोनिया गॅसची गळती झाली की हॉलच्या स्वतःच्या फाटकाकडे जाता येत नाही, कारण फाटक कॉम्प्रेसरच्या अगदी शेजारी उघडतं आणि गळती बहुतेक तिथेच होते. म्हणून नियम असा — भोंगा ज्या हॉलचं नाव घेईल तिथल्यांनी मधल्या दारातून दुसऱ्या हॉलमध्ये पळायचं आणि तिकडून बाहेर. आता नावं उलटी झाली तर चांगल्या हवेतली माणसं धावत गॅसमध्ये जाणार. आणि गॅसमधली माणसं, आपलं नाव घेतलं नाही म्हणून, जागेवर उभी राहणार.

धाकटीत माझा दादा फोर्कलिफ्ट चालवतो.


मंगळवार, ५

सकाळी दोन्ही सर्व्हरसमोर बसले. पेट्यांवरचे स्टिकर बरोबर. आतल्या डिस्क बरोबर, धाकटीत धाकटीच्याच तापमानाच्या नोंदी. फक्त 'तू कोण' असं विचारलं की धाकटी म्हणते, मी थोरली. अगदी न अडखळता. मशीनला लाज नसते.

हाताने नाव बदललं. पुन्हा विचारलं. धाकटी म्हणाली धाकटी, थोरली म्हणाली थोरली. मेकॅनिकला शिडीवर चढवलं, स्पीकर बरोबर बोलला.

साहेबांना सांगितलं. म्हटलं, असं झालंच कसं ते कळेपर्यंत भोंग्यावर विसंबू नये. नाहीतर भोंग्याच्या प्रोग्रॅममध्येच हॉलचं नाव पक्कं लिहू दे. साहेबांनी नकारार्थी मान हलवली. प्रोग्रॅमला तपासणी खात्याचं सील आहे, त्याला हात लावला की परवाना गेला. तो प्रोग्रॅम करतो काय, तर मशीनला नाव विचारतो आणि जे उत्तर येईल ते भोंग्यावर ओरडतो. भोंगा बंद ठेवायचा तर दोन्ही हॉल रिकामे करावे लागतील. आणि दोन्ही हॉल वाटाण्याने छतापर्यंत भरलेत.

"दुरुस्त झालं ना? मग झालं. खाली कोणाला बोलू नका. बोभाटा झाला तर उद्या एक माणूस आत जाणार नाही."

मीही गप्प बसले. दुरुस्त झालं होतं ना.


गुरुवार, ७

विशेष काही नाही. आईच्या गुडघ्याचं औषध आणलं. दोनदा उगाच लॉगिन करून दोघींना नाव विचारलं. बरोबर सांगितलं.


शनिवार, ९

पुन्हा उलटं.

दर शनिवारी दुपारी जनरेटरची चाचणी असते. मिनिटभर वीज तोडतात, सगळं बंद होऊन पुन्हा चालू होतं. चालू झाल्यावर सहज विचारलं तर धाकटी म्हणते, मी थोरली. म्हणजे हाताने घातलेलं नाव तात्पुरतं होतं. मशीन झोपून उठलं की आपल्या जुन्या खोटेपणावर परत.

पुन्हा हाताने बदललं. पण वीज कधी जाईल याचा काय भरवसा? गळती आणि वीज एकत्रच जायची शक्यता जास्त. कॉम्प्रेसर फुटला तर पहिली वीजच जाणार.

साहेब सुट्टीवर गेले होते. फोनवर म्हणाले, "सोमवारी बघू."


रविवार, १०

दादाला सांगितलं. खाली कोणाला बोलू नका म्हणाले होते साहेब. घरी बोलू नका असं नव्हते म्हणाले. असली पळवाट मला एरवी आवडत नाही.

तो गच्चीवर माळ्यावरच्या गाद्या झटकत होता. मी म्हटलं, गळती झाली की वीज जाणार आणि नावं परत उलटी होणार, म्हणून भोंगा वाजला तर नाव उलटं धर. थोरली म्हणाला तर गॅस धाकटीत आहे असं समज आणि थोरलीत पळ. धाकटी म्हणाला तर मधल्या दाराकडे जाऊ नकोस, आपल्याच फाटकाने बाहेर पड.

"आणि फाटकाशी जाऊन मेलो तर?"

"नाही मरणार. नावं अदलाबदल झालीत."

"म्हणजे थोरलीचं खापर धाकटीवर. घरोघर हेच चालतं गं." मोठ्याने हसला. मला तो मास्तरीण म्हणतो, लहानपणी त्याच्या वह्यांत लाल पेनने चुका काढायचे म्हणून. "मास्तरीणबाई, तुमचं मशीन चुकतं म्हणजे नवलच."

वहिनी हसली नाही. कपडे वाळत घालता घालता थांबली आणि म्हणाली, "मग त्या बाकीच्यांचं काय?" मी म्हटलं, दोन दिवसांत नीट करते.


मंगळवार, १२

सापडलं! नाव एका फाइलमध्ये लिहिलेलं असतं, मशीन उठताना ती वाचतं. धाकटीत ती फाइल रिकामीच होती. थोरलीतही रिकामी. कोणी रिकामी केली कोण जाणे, बहुतेक बसवल्यापासून तशीच असेल. दोन्हीकडे नावं लिहिली. रीस्टार्ट करताना भोंगा चुकून बाहेर वाजू नये म्हणून नेटवर्कची वायर काढून ठेवली. उठल्यावर दोघींनी नावं बरोबर सांगितली. दोनदा करून बघितलं.

जेवताना दादाला सांगितलं, नीट झालं, आता सरळ धर. तो म्हणाला, "हुकूम." वहिनीने माझ्या ताटात न विचारता आणखी वाढलं.


शनिवार, १६

उलटं. पुन्हा!

जनरेटरची चाचणी, वीज गेली, आली, आणि धाकटी म्हणते मी थोरली. फाइल उघडली. फाइलमध्ये धाकटी लिहिलंय, माझ्या हाताने लिहिलेलं. तरी मशीन म्हणतं थोरली. आपण सांगितलेलं ऐकून घेऊनही कोणीतरी दुसरंच याच्या कानात सांगतंय असं वाटलं.

दादाला सांगावं लागलं. त्याने चमचा खाली ठेवला.

"मंगळवारी नीट होतं म्हणालीस."

"मंगळवारी नीट होतं."

"मग चार दिवस मी सरळ धरून चाललो होतो. त्यातलं आज दुपारपासूनचं उलटं होतं, आणि मी आत होतो."

तो रागावला नव्हता, तेच वाईट. समजावल्यासारखा म्हणाला, "हे बघ, आता तू नीट झालं म्हणू नकोस. माझ्या डोक्याचा गोंधळ होतो. आत थंडीत उभं राहून कानटोपीतून भोंगा ऐकायचा आणि त्यात आज सरळ की उलटं ते आठवायचं, जमणार नाही मला. मी आपला उलटंच धरतो. पोरांनाही तेच सांगितलंय."

"कुठल्या पोरांना?"

"माझ्या. धाकटीतल्या. मुकादमालाही. सांगायला नको होतं?"

साहेबांना कळलं तर माझी नोकरी जाईल, हे डोक्यात आलं. आधी तेच आलं. मग म्हटलं, नाही, बरं केलंस.


सोमवार, १८

साहेबांकडे पुन्हा गेले. या वेळी आवाज चढला माझा. म्हटलं, हॉल रिकामे नका करू, पण निदान दोन्हीकडे फळ्यावर लिहून लावू द्या. ते म्हणाले, काय लिहिणार? आज उलटं, उद्या सरळ? ज्या वेळी फळा चुकेल त्या वेळी कोण जबाबदार? तुम्ही सही कराल का?

मी सही करते म्हटलं नाही.

"नाव दुरुस्त करा मॅडम. तेच तुमचं काम आहे."

दुपारी मशीनसमोर बसून सगळं पहिल्यापासून आठवलं. मंगळवारी रीस्टार्टनंतर नाव बरोबर का आलं आणि शनिवारी का नाही? मशीन तेच. फाइल तीच. फरक एकच — मंगळवारी वायर काढलेली होती! वायर काढून रीस्टार्ट केलं, नाव बरोबर. वायर लावून केलं, उलटं. म्हणजे नाव बाहेरून येतंय. वायरीतून. माझ्या फाइलवर बसून.

उठून दोन फेऱ्या मारल्या खोलीत.


मंगळवार, १९

आमच्या नेटवर्कवर एक वाटप करणारं मशीन आहे. कोणी जोडलं गेलं की त्याला पत्ता देतं. आणि कोणा शहाण्याने फार पूर्वी तिथे नावंही भरून ठेवलीत. ते ओळखतं कशावरून, तर नेटवर्क कार्डाच्या नंबरावरून. प्रत्येक कार्डाला कारखान्यातूनच नंबर येतो. अमुक नंबर दिसला की म्हणायचं, तू थोरली. आणि धाकटीच्या पेटीत जे कार्ड बसलंय त्याचा नंबर थोरलीचा आहे!

मेकॅनिकला बोलावलं. गेल्या महिन्यात दोन्ही पेट्या धूळ काढायला नेल्या होत्या त्याने. कार्डं काढून, पुसून, परत बसवली.

"कुठलं कुठे बसवलंत?"

"दोन्ही सारखीच आहेत की मॅडम. एकाच कंपनीची, एकाच रंगाची. एक इकडे गेलं काय अन् तिकडे गेलं काय, चालायला काही फरक आहे का? चालतंयच ना?"

चालतंयच. त्याच्यावर चिडायचं होतं, पण चिडता येईना. मी तरी काय केलं असतं त्याच्या जागी?

वाटपाच्या मशीनमध्ये दोन्ही नंबरांपुढची नावं बदलली. वायर लावून रीस्टार्ट. धाकटी म्हणाली धाकटी. पुन्हा रीस्टार्ट. पुन्हा बरोबर. मेन स्विच पाडून बघितला. बरोबर. बाटली आणली, शिडी लावली. धाकटीत धरली, स्पीकर म्हणाला धाकटी. थोरलीत धरली, थोरली. इतकं साधं वाक्य ऐकून डोळ्यांत पाणी आलं. मेकॅनिक बघत होता, मी अमोनियावर ढकललं.

साहेब म्हणाले, "बघा, झालं की नाही? उगाच बोभाटा केला असता."

दादाला सांगितलं नाही. सांगणारच होते. जिना चढताना तोंडात शब्द होते. पण तो पायरीवर बसून बूट काढत होता, माझ्याकडे बघून म्हणाला, "मास्तरीणबाई, नीट झालं म्हणणार असाल तर पुढे जा." वहिनी खिडकीतून हसली. मीही हसले आणि पुढे गेले.

दोनदा तोंडघशी पडलेय. या वेळी शनिवारची जनरेटर चाचणी पार पडली की मगच सांगेन. छापील पुरावा काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवेन. तसंही चार दिवसांचा प्रश्न.


बुधवार, २०

थोरलीच्या सेन्सरवर आकडा किंचित वर. भोंग्याच्या मर्यादेच्या खूप खाली. फिटरने व्हॉल्व्ह आवळला, उतरला. संध्याकाळी पुन्हा थोडा चढला. फिटर म्हणाला, जुनी पॅकिंग आहे, उद्या बदलतो.

घरी आले तर दादा झोपून गेला होता. डबल शिफ्ट केली त्याने. आई म्हणाली, उठवू नकोस.


गुरुवार, २१

भोंगा वाजला. खरा. थोरली.


शुक्रवार, २२

लिहून काढते, नाहीतर वेड लागेल.

व्हॉल्व्ह फुटला, थोरलीच्या कॉम्प्रेसरशी. भोंगा म्हणाला, "थोरली रिकामी करा." स्वच्छ, बरोबर. मी कंट्रोल रूममध्ये होते. पहिला विचार काय आला सांगू? बरोबर बोलला. अभिमान वाटला मला. मग खुर्चीवरून उठले आणि दादा आठवला.

मायक्रोफोन नाही आमच्याकडे. भोंग्यावर फक्त मशीनला बोलता येतं. फोन आत नेत नाहीत, लॉकरमध्ये ठेवतात. वॉकीटॉकी मुकादमाकडे असतो, मी ओरडत होते त्यात, सरळ आहे, सरळ आहे, थोरलीत जाऊ नका. कोणी उचलला नाही. धावत निघाले. फाटकाशी अडवलं मला.

धाकटीतला एक लोडर बाहेर गवतावर बसला होता, डोळे धुऊन धुऊन लाल. त्याने सांगितलं. थोरलीतली माणसं मधल्या दारातून नियमाप्रमाणे धाकटीत येत होती. दादाने दार अडवलं. हात पसरून उभा राहिला. म्हणाला, "मागे फिरा, भोंगा उलटा आहे, गॅस इकडे आहे!" मुकादमही तेच ओरडला. थोरलीतल्यांना काही ठाऊक नव्हतं, पण इतक्या खात्रीने सांगणाऱ्यावर माणूस विश्वास ठेवतो. ते मागे फिरले. आणि आपल्या पोरांना घेऊन दादा त्यांच्या मागे थोरलीत शिरला. वास सगळीकडेच येत होता, म्हणाला तो लोडर, कुठून येतोय ते कळत नव्हतं. तो स्वतः धाकटीतच राहिला होता. बुटाची नाडी सुटली होती म्हणून.

मुकादम गेला. थोरलीतले पाच जण गेले. दादाच्या पोरांपैकी दोघं. दादाला फाटकाजवळून ओढून काढलं. डोळ्यांवर पट्ट्या, घशात नळी. बोलता येत नाही. डॉक्टर म्हणतात, वाचेल. पुढचं नंतर बघू.

वहिनी बाकावर बसली आहे. मला जवळ घेतलं तिने. मला!


रविवार, २४

तपासणी खात्याचे दोघं आले होते वॉर्डात, सोबत साहेब. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, यांच्या मशीनने नाव अचूक घेतलं, नोंद स्वच्छ आहे. मग त्यातला मोठा अधिकारी दादाच्या कानाशी वाकला. भोंगा उलटा आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं होतं का? हो असेल तर माझा हात दाबा, नाही असेल तर मान हलवा.

दादाने मान हलवली. पुन्हा विचारलं. पुन्हा हलवली, जोरात, नळी ओढली जाईपर्यंत. अधिकाऱ्याने लिहून घेतलं — स्वतःच्याच मनाने. वहिनी खाली बघत होती.

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. दादाला दिसत नव्हतं मी तिथे आहे. मी काही बोलले नाही.